आरतीच्या पाठीवरचं दुसरं जग

स्वतःचं पत्रक नको त्या हातांत पडताना पाहिलंय कधी? फोटोकॉपीच्या गरम कागदाचा वास आला की मला लंडनच्या पिनर उपनगरातला आमच्या मंडळाचा गणपती आठवतो. टीव्हीवरच्या एका विज्ञानकथा-मालिकेतलं धुक्याआडचं जग मेलेल्यांचं नाही, आपण विसरलेल्यांचं आहे, असं ठणकावणारं पत्रक मी शाळेत वाटायला काढलं होतं, आरतीच्या उरलेल्या छापील पानांच्या पाठीवर. आईने आरतीची पानं समजून चुकून तोच गठ्ठा हॉलमध्ये वाटला. आरतीनंतर मंडळाच्या अध्यक्षांनी, कडक डॉक्टरकाकांनी, आम्हाला बोलावलं. आता माझ्यापायी आईला चारचौघांत ऐकावं लागणार, म्हणून मी तिच्या पुढे जाऊन उभी राहिले. “हे तू लिहिलंस? साफ चूक. तिथे काळ उलटा चालतो. लास्ट एपिसोड परत बघ,” म्हणत त्यांनी मला मोदक दिला. आमचा जीव भांड्यात पडला. आजही पत्रकं काढते, म्हणून सांगते: मुलांनी लिहिलेलं हाती लागलं तर रागवण्याआधी वाचा, आणि पटलं नाही तर त्यांच्याशी वाद घाला.