छबूचं कागदावरचं नाव

बोट सुटली तेव्हा मी सातव्या मजल्यावरच्या कठड्याला धरून उभी होते आणि माझी धाकटी बहीण छबू खाली धक्क्यावर, जाळीच्या कुंपणामागे उभी होती. जायचं दोघींचं ठरलं होतं. बोटीत बसायची हौस तिची, माझी नव्हे. मला तर पलीकडच्या बेटावर जायच्या छोट्या फेरीतसुद्धा मळमळतं. तरी वर मी होते आणि खाली ती. तिच्या शेजारी माझी नात मैत्री उभी होती. मैत्री हात हलवत नव्हती. छबू हलवत होती.

हे मी आमच्या ऑकलंडच्या विहारात येणाऱ्या बायकांसाठी लिहिते आहे, आणि गावाकडच्या ज्या लेकाकडे, लेकीकडे यायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठीही. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी मला फोन करून विचारलं आहे की सामानात काय आणावं, विमानतळावर काय बोलावं, बोटीच्या सहलीला कसं जावं. मी सगळ्यांना सांगत आले. हेन्डरसन भागातली अक्का सगळं जाणते, असं तुम्हीच म्हणता. म्हणून हेही मीच सांगितलेलं बरं.

मी गाव सोडलं त्याला बारा वर्षं झाली. हिंगोलीकडचं आमचं गाव. सासर-माहेर एकाच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. नवरा वारला होता. एकुलता एक लेक मिलिंद इथं इंजिनिअर, सून दवाखान्यात नर्स, नात पाच वर्षांची. तिला सांभाळायला घरचं माणूस हवं होतं. आमची माय तेव्हा अंथरुणावर होती. जीप दारात उभी राहिली तशी मी तिच्यापाशी जाऊन बसले आणि म्हणाले, माय, तुझं कसं होईल. ती म्हणाली, "तू जा. छबी आहे ना इथं."

छबू होतीच. लग्न होऊन चार वर्षांत तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरी आली ती कायमची. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, मुलांना खिचडी वाढली, घरी मायचं केलं. माय गेली तेव्हा मी इथं स्वयंपाकघरात फोन धरून उभी होते. पलीकडे छबूनं फोन मायच्या तोंडापाशी धरला होता. तिचा हात दुखत असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मी चौथी शिकले. छबू सातवी. तीही नवरा गेल्यावर, बाहेरून परीक्षा देऊन. आमच्या समाजात शिकण्याला किती मान आहे ते तुम्हाला सांगायला नको. मी मात्र वरचढ होते, कारण मी परदेशात होते. फोनवर मी तिला सांगायची, इथं असं असतं, इथं तसं असतं. ती हूं हूं करायची.

मागल्या साली ती कामावरून निवृत्त झाली आणि इकडे यायला निघाली. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळं तिनं तालुक्याच्या सेंटरवर बसून स्वतः केलं. मिलिंदनं मदत करू का विचारलं, तर म्हणाली, झालं की सगळं. ऑकलंडला उतरल्यावर खाण्याच्या वस्तूंच्या प्रश्नापुढे तिनं फॉर्मवर हो असं लिहिलं आणि पिशवी उघडून दाखवली. तिथल्या लोकांनी तिचं कसलं तरी बी-बियाणं ठेवून घेतलं, कारळाची चटणी परत दिली आणि हसून थँक्यू म्हणाले. मी पहिल्यांदा आले होते तेव्हा लोणच्याची बरणी पातळात गुंडाळून आणली होती आणि नाही म्हणाले होते. माझी बरणी गेली आणि वर बोलणी खाल्ली. तो किस्सा मी तुम्हाला हसत हसत सांगते. छबूनं फॉर्म कोणाला न विचारता भरला, हे मात्र मी तेव्हा लक्षात घेतलं नाही.

पहिल्याच रविवारी मिलिंदनं आम्हाला बंदर दाखवायला नेलं. एक पांढरी बोट लागली होती, दहा-बारा मजल्यांची. छबूनं आयुष्यात धरणापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं. ती बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "अक्का, यात एकदा बसायला मिळालं असतं तर." तिनं माझ्यापाशी कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हणाले, त्यात काय, मी नेते तुला.

फिजीला जाऊन परत इथंच येणारी नऊ दिवसांची सहल मिळाली. इथवर माझं सगळं बरोबर होतं, आणि जाणाऱ्यांनी ते ऐकून ठेवावं. बोट ऑकलंडहून निघून ऑकलंडलाच येते म्हणून आपण देशातच आहोत असं समजू नका. बाहेर गेलं म्हणजे बाहेर गेलं. पाहुणी म्हणून आलेल्या बाईचा व्हिसा तिला दुसऱ्यांदा आत येऊ देतो का, ते आधी बघायचं. छबूचा देत होता. ज्या बेटावर बोट थांबते तिथं आपला पासपोर्ट चालतो का, तेही बघायचं. फिजीला चालत होता. पासपोर्टची मुदत संपत आलेली नको. परत येताना खाण्याच्या वस्तूंचा फॉर्म पुन्हा भरायचा. हे सगळं मी मैत्रीकडून विचारून घेतलं आणि छबूला असं सांगितलं, जणू जन्मल्यापासून मला ठाऊक आहे.

मग बुकिंग. मैत्री लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर बसली. ती आता सतरा वर्षांची आहे. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. माझी माहिती आधीच कुठंतरी भरलेली होती. छबूची भरायची होती. मैत्री म्हणाली, "आजी, नेम ॲज पर पासपोर्ट. कॅन आय सी इट?"

पासपोर्ट माझ्या हातात होता. मी तो दिला नाही. म्हणाले, मी वाचते, तू टाइप कर.

आता ऐका. मला इंग्रजी वाचता येत नाही. बारा वर्षं झाली. बोलता येतं, डेअरीवाल्याशी बोलते, बसवाल्याशी बोलते. या देशाचा पासपोर्ट मिळताना साहेबानं दोन-चार गोष्टी विचारल्या, त्यांची उत्तरं दिली. पण वाचता येत नाही. आकडे येतात. सुटी अक्षरं काही ओळखीची आहेत. शब्द लागत नाही. हे मिलिंदला माहीत आहे. मैत्रीला माहीत नव्हतं. तिला मी लहानपणी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं चित्रं बघून मनाने रचून सांगायची, आणि ती ऐकायची.

म्हणून मी पासपोर्ट डोळ्यांसमोर धरला आणि नाव तोंडानं सांगितलं. छबूबाई, मग वडिलांचं नाव, मग आमचं माहेरचं आडनाव. मग पानं उलटून फोटोचं पान काढलं. नंबर मात्र बघून वाचला, जन्मतारीख बघून वाचली. ते सगळं बरोबर होतं.

छबू शेजारी शेंगा सोलत होती. तिनं हात पुसले आणि पुढे केला. "अक्का, एकदा मला बघू दे की."

"तुला काय कळतंय इथलं? गप शेंगा सोल."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग शेंगा सोलायला लागली.

बंदरावर मोठी रांग होती. मिलिंद आम्हाला सोडून गाडी लावायला गेला, मैत्री आमच्याबरोबर काउंटरपर्यंत आली. माझं झालं. छबूच्या वेळी काउंटरवरची बाई थांबली. पासपोर्ट बघितला, कॉम्प्युटरचा पडदा बघितला, पुन्हा पासपोर्ट. मग दुसऱ्या बाईला बोलावलं. त्या वाईट वागल्या नाहीत. नंबर जुळतो, तारीख जुळते, पण नाव वेगळ्याच बाईचं आहे, असं त्या म्हणत होत्या. एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं तर बघितलं असतं, पण पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. प्रवाशांची यादी आधीच पुढे गेलेली होती, आता नाव बदलता येत नव्हतं. मैत्री लाल झाली आणि समजावत होती की आजीनेच वाचून सांगितलं होतं. मी म्हणत होते, अहो, माझी सख्खी बहीण आहे, छबू आहे ती. मराठीतच म्हणत होते.

काउंटरवरच्या बाईनं छबूकडे वाकून विचारलं, "व्हॉट इज युअर नेम, डिअर?"

छबू म्हणाली, "माय नेम इज रत्नमाला." आणि पुढे तिच्या नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव.

मी वळून तिच्याकडे बघितलं. ही कोण बाई, असं मला खरोखर एक क्षण वाटलं.

लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललं होतं. बदलतात, तुमचंही बदललं असेल. मी त्या लग्नात होते, लाडू वळले होते. पण ती चार वर्षांत परत आली आणि आम्ही सगळ्यांनी ते नाव तिच्या नवऱ्याबरोबर मातीत घातलं असं धरून चाललो. तिनं घातलं नव्हतं. अंगणवाडीच्या हजेरीवर, बँकेत, रेशनकार्डावर, आधारवर ती चाळीस वर्षं रत्नमाला होती. पगार रत्नमाला घेत होती. मायला औषध आणायला गेली तर सही रत्नमालाची. मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. आणि ते नाव माझ्या हातातल्या पासपोर्टावर छापलेलं होतं.

त्या बायका म्हणाल्या, आज काही होणार नाही, सॉरी. दुसऱ्या बाईंना जायचं असेल तर त्यांनी आता आत जावं.

दुसरी बाई म्हणजे मी.

छबू म्हणाली, "तू जा अक्का. मी आहे की इथं, मैत्रीपाशी."

आणि मी गेले. हे लिहायला मला चार दिवस लागले, म्हणून एकदाच लिहिते. मी एकदासुद्धा नको म्हणाले नाही. बॅग ओढत मी आत गेले. त्या वेळी मनात एवढंच होतं की मैत्रीच्या तोंडाकडे बघावं लागू नये, आणि बोट हीच एक जागा समोर होती जिथं ती येऊ शकत नव्हती.

खोलीत दोन पलंग होते. सांभाळणारा पोऱ्या रोज दोन्ही पलंग लावायचा. छबूच्या उशीवर टॉवेलचा कधी हत्ती, कधी बदक करून ठेवायचा. मी त्याला नको म्हणू शकले असते, इंग्रजीत सुद्धा. म्हणाले नाही. जेवणाच्या टेबलावर टॉरंगा शहरातल्या दोन म्हाताऱ्या बायका होत्या. त्यांनी विचारलं, तुमच्या जोडीचं कोणी आहे का. मी म्हणाले, बहीण होती, आजारी पडली. फिजीच्या बाजारात बांगड्या विकणारी एक बाई हिंदीत बोलली, एकटीच आलीस का म्हणून. मी हो म्हणाले आणि काही न घेता परत बोटीवर गेले. मळमळलं फक्त पहिले दोन दिवस. पुढे मला बोट आवडली. तेही खरं आहे.

परत आले तर घर वेगळंच वाटलं. छबूनं मैत्रीला भाकरी थापायला शिकवली होती. मैत्री तिला बसनं मॉलला नेत होती, आणि बसमध्ये तिच्याशी मराठीत बोलत होती. मोडकंतोडकं, पण मराठीत. माझ्याशी बारा वर्षांत बोलली नव्हती, कारण मी इंग्रजीला मान हलवायची.

छबू मला रागावली नाही. तिनं मला भाजी निवडायला बसवलं आणि विचारायला लागली. मधोमध गेल्यावर पाणी कोणत्या रंगाचं दिसतं? बोट हलते तेव्हा ताटातलं वरण सांडतं का? जमीन दिसेनाशी झाली की भीती वाटते का? मी एकेक सांगत गेले. वरण नसतं म्हणाले, सूप असतं, सांडत नाही. ती ऐकत होती आणि मला मान वर करता येत नव्हती. माफी मागायची ती वेळ होती. मी मेथी निवडत राहिले. दीड महिन्यानं तिचा व्हिसा संपला आणि ती गेली.

आता मी गावी जाणार आहे. या देशाचा पासपोर्ट घेतल्यापासून मला माझ्याच गावाला जायला व्हिसा लागतो. तोही फॉर्म मैत्रीनंच उघडला. या वेळी पासपोर्ट मी तिच्या हातात दिला आणि म्हणाले, मला वाचता येत नाही, तू वाच. ती म्हणाली, "माहितीये आजी. छबूआजीनं सांगितलं. मला म्हणाली, तू विचारू नको, ती सांगेल." मग ती खाली बघून टाइप करायला लागली.

अर्ध्यावर एक रकाना आला. भारतात तुम्हाला ओळखणारं माणूस, त्याचं नाव, पत्ता. विहारात कोणी विचारलं तर मी सांगते, आमचं गाव, आमचं घर, सगळा गाव मला ओळखतो. रकान्यात एकच नाव बसत होतं, छबूचं. मला बसून विचार करावा लागला नाही. घर कुठं आहे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडत नाही. त्या नावाच्या पत्त्यावर आहे. ज्या घरातल्या माणसाचं नाव मला लिहिता येत नाही त्याला मी माझं घर म्हणत होते, एवढंच.

मी फोन लावला. म्हणाले, छबू, तुझं कागदावरचं नाव सांग, इंग्रजीत. मला वाचता येत नाही, लिहिता येत नाही. त्या दिवशीही येत नव्हतं.

ती म्हणाली, "ते मला तिथंच कळलं होतं, अक्का. नाव सांगताना तू पासपोर्टचं भलतंच पान धरलं होतंस."

"मग बोलली का नाहीस?"

"पोरीसमोर कसं बोलू?"

मैत्री टाइप करायला बोटं टेकवून बसली होती. मी तिला थांब म्हणाले आणि कागद ओढला.

छबू म्हणाली, "घेतलंस पेन? लिही. आर."

"थांब," मी म्हणाले. "आर कसा काढतात ते आधी सांग."