मुरलीधर समाधानाने गेला नाही

पुण्यातल्या एका नामांकित कादंबरीकाराने माझ्या मरणाच्या दारातल्या मित्राला फसवलं, त्या कामात मला दलाल म्हणून वापरलं, आणि वर रविवारच्या पुरवणीत लिहिलं की तो वाचक समाधानाने गेला. मित्राचं नाव मुरलीधर. पोळा होऊन आठवडाही उलटला नव्हता तेव्हा अंबाजोगाईच्या दवाखान्यात त्याचा जीव गेला. मी उशाशी होतो. समाधान असलं काही तिथं नव्हतं. तो लेख मला आमच्या वाचकांच्या ग्रुपवर रेश्माने पाठवला, खाली एवढंच लिहून, ‘काका, हे मुरलीकाकांबद्दलच आहे ना?’ मी बाजारात उभा होतो. गिऱ्हाईक बैलाच्या पाठीवर हात फिरवत होतं. लेख वाचला आणि त्या गिऱ्हाइकाला म्हणालो, आज सौदा नाही, जा. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं...

मुरलीधर सिरसाळ्याला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टर सुई देत असताना जनावर धरणं, हे त्याचं काम. मी बैलांचा व्यापारी. बाप मेंढरं राखायचा. चौथीनंतर शाळा सुटली आणि मीही मेंढरांमागे गेलो. पुढे दलाली, मग स्वतःचा धंदा. मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कुणाला दिलं नाही. खूर फाटलेला एक बैल घेऊन मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो, तर हा एका हाताने बैलाची वेसण धरून दुसऱ्या हातात जाडजूड पुस्तक घेऊन उभा.

“काय वाचायलास बे?” मी विचारलं.

“नदी उलटी वाहती त्या मुलखाचं हाय.”

“उलटी? म्हंजी पाणी चढाला चढतंय?”

“चढतंय.”

“मंग मोटार कुणाची हाय?”

तो इतका हसला की बैल बुजला. मैत्री तिथून सुरू झाली. बाजाराच्या दिवशी दवाखान्यातली गर्दी ओसरली की तो माझ्या टेम्पोच्या सावलीत येऊन बसायचा आणि मोठ्याने वाचायचा. काय आवाज होता त्याचा! गुरांचं हंबरणं, दलालांची ओरड, उसाच्या रसाचं यंत्र, सगळ्याच्या वरून ऐकू यायचा. गोष्टीची पुस्तकं रिकामटेकड्या लोकांसाठी असतात असं माझं मत होतं. पण एका दुपारी त्या उलट्या नदीच्या गोष्टीतली काळिंदी नावाची नावाडीण भाऊ सोडवायला मिठाच्या राजाकडे गेली. राजा म्हणाला, तुझा आवाज तारण ठेव. ती हो म्हणाली आणि मी ताडकन उठलो. “अगं, मुदत ठरव की! मुदत न ठरवता तारण ठेवतंय का कुणी?” आजूबाजूचे चार लोक कुणाचं भांडण लागलं म्हणून धावून आले. मुरलीधरने शांतपणे पुस्तक मिटलं. “ऱ्हायलेलं पुढच्या बाजाराला,” म्हणाला. दावणीला बांधल्यासारखा झालो मी.

त्या कादंबरीचे चार खंड निघाले होते. पाचवा, शेवटचा, लेखक महाशय ‘येतोय, येतोय’ म्हणत कितीतरी वर्षं लटकावून होते. तोवर मुरलीधर दुसरं वाचत राहिला, आम्हालाही वाचायला लावत राहिला. फोनवर त्याने ग्रुप काढला होता. दर रविवारी सकाळी त्याचा एकच प्रश्न: सध्या काय वाचताय? अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकणारी रेश्मा सांगायची, पृथ्वी सोडून निघालेल्या जहाजावर सातवी पिढी जन्मली आहे आणि तिचा पृथ्वीवर विश्वासच नाही. घाटनांदूरचे एक सर मेलेल्या माणसांची झाडं होतात आणि ती झाडं कोर्टात साक्ष देतात, असलं काहीतरी वाचत असायचे. एक एसटीचा कंडक्टर कानात यंत्र घालून मंगळावरच्या विहिरीची गोष्ट ऐकायचा; तिथं पाणी लागलं की नाही यावर ग्रुपवर महिनाभर वाद चालला. मुरलीधर सगळ्यांना उलटे प्रश्न विचारायचा. जहाजावर मीठ कुठून येतं? झाडाची साक्ष खोटी निघाली तर शिक्षा कुणाला? “जादू कितीबी असू द्या,” तो म्हणायचा, “पण लेखकानं सोताच घातलेला नियम मोडला की मी पुस्तक मिटतो.”

मग त्याच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. सुमनवहिनी, त्याची बायको, आत औषधांच्या रांगेत होत्या. तो म्हणाला, “काळिंदीचं तारण सुटतंय का न्हाई, तेवढं कळाया पायजे बे. तिचा आवाज परत येतूय का न्हाई.” मी म्हणालो, कळेल की, पुस्तक येईलच. “कवा?” तो म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेल्या शेवटच्या शब्दांपैकी हा एक.

ऑपरेशननंतर मी वाचायचो आणि तो ऐकायचा. चारही खंड मी त्याला पुन्हा वाचून दाखवले, अडखळत, बोट ठेवून. तो आवाज न करता हसायचा आणि फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचा: ‘भाव पुकारल्यावानी वाचू नको.’ काही पानं तो पुन्हा पुन्हा वाचायला लावायचा. मला वाटलं होतं हे असंच चालेल. पण दुखणं उलटलं, फुप्फुसात गेलं, आणि एक दिवस डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता दिवस थोडे आहेत. मी त्याच पावली पुण्याची गाडी धरली.

कादंबरीकारांचं घर शोधायला त्रास पडला नाही. दार उघडून घ्यायला पडला. शेवटी आत घेतलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. ते मान हलवत होते.

“हे बघा,” ते म्हणाले, “शेवट असा आधी सांगता येत नसतो. तो लिहिता लिहिता उमलत जातो.”

“साहेब, तुमी चार खंड लिव्हले, गिऱ्हाईक दारात बसवून ठिवलं. बैल गोठ्यात हाय का न्हाई, तेवढं सांगा.”

ते हसले. “आहे हो, आहे.”

“मंग तोंड दाखवा त्याचं. ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचो न्हाई. निस्तं त्याला सांगतो.”

खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, काळिंदीला आवाज परत मिळतो. नदी सरळ वाहू लागते आणि ती पहिल्यांदा भावाला हाक मारते. मी म्हणालो, हातावर सांगा. त्यांना कळलं नाही. मी माझा हात पुढे केला, खांद्यावरचा रुमाल वर टाकला. आमच्या बाजारात रुमालाखाली हात धरून जे ठरतं ते हात सुटल्यावर फिरत नाही. त्यासाठी कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाही. त्यांनी माझा हात धरला आणि तेच पुन्हा सांगितलं. मला वाटलं, जगातला सगळ्यात मोठा सौदा मी करून निघालोय. परतीच्या गाडीत मी अनोळखी माणसांना केळी वाटली.

मुरलीधर उशीला टेकून बसला होता. मी सांगितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, आता फुलेल म्हणून. त्याने फोन घेतला. लिहायला त्याला फार वेळ लागला.

‘मंग म्हातारीचं काय?’

ज्यांनी ती कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मिठाचा राजा काळिंदीचा आवाज पेटीत ठेवत नाही. मिठागरावर शेळ्या राखणारी एक म्हातारी आहे, जन्मापासून मुकी. आवाज तो तिला देऊन टाकतो, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा शेळ्यांना त्यांच्या नावाने हाका मारते. मुरलीधर माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायचा ते हेच पान. काळिंदीचा आवाज परत यायचा तर तो त्या म्हातारीच्या गळ्यातूनच ओढून काढावा लागणार. नियम लेखकानेच घातलेला. आणि मला शेवट सांगताना त्यांना ती म्हातारी आठवलीसुद्धा नव्हती.

मुरलीधरने पुढे लिहिलं, ‘ह्यानं मला आजाऱ्याचा शेवट दिला. खरा दे म्हनावं.’

माझं डोकं फिरलं. एवढा प्रवास, एवढी मिनतवारी. “हातात हात दिलाय बे त्यानं! कावून संशय घेतूस?”

त्याने लिहिलं, ‘तुला बैलाचे दात कळत्यात. मान्साचे न्हाई.’

मी ओरडलो. वॉर्डातले लोक बघायला लागले. एका खोट्याची बाजू घेऊन मी मरणाऱ्या माणसाशी भांडत होतो, आणि मला ते कळत नव्हतं. सुमनवहिनी हात जोडून म्हणाल्या, “भाऊजी, आज तरी भांडू नका.” मुरलीधरने तोंड भिंतीकडे केलं होतं. मी बाहेर व्हरांड्यात गेलो, कादंबरीकारांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग म्हातारीचा प्रश्न लिहून पाठवला. त्यांनी तो वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

ते उरलेले दिवस मला विसरता येत नाहीत. माझा फोन वाजला की मुरलीधरचे डोळे माझ्या खिशाकडे यायचे. मी फोन काढायचो. कधी कुणी बैलाचा भाव विचारत असायचं, कधी टेम्पोवाला. मी मान हलवायचो. तो डोळे मिटायचा. पुन्हा वाजला की पुन्हा उघडायचा... शेवटी शेवटी त्याला माणसं ओळखू येत नव्हती, पण वाजलेलं ऐकू येत होतं. मी फोन बंद करून ठेवू शकत नव्हतो, न जाणो उत्तर आलं तर. आणि चालूही ठेववत नव्हता. तो गेला तेव्हा त्याची नजर माझ्या खिशावर होती.

आणि आता हा लेख. त्यात ते लिहितात की त्या वाचकाला त्यांनी आनंदाचा शेवट दिला, साहित्य हे मलम आहे, आणि तो गृहस्थ तृप्त होऊन गेला. त्याच लेखात चार ओळी खाली लिहितात की पाचव्या खंडाचा शेवट त्यांना स्वतःलाच अजून ठाऊक नाही. म्हणजे गोठ्यात बैल नव्हता.

ठाऊक नसण्याचा मला राग नाही. ‘मला ठाऊक नाही’ एवढंच त्यांनी त्या दिवशी सांगितलं असतं, तर तोच खरा माल होता. मी तो जसाच्या तसा आणून मुरलीधरच्या हातात ठेवला असता. त्याला ते आवडलं असतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. लेखकालाही माहीत नाही म्हटल्यावर त्याने उशीला टेकून स्वतःच विचार केला असता. राजा, म्हातारी, काळिंदी, तिघांना बसवून काहीतरी तोड काढली असती, मी आडवं बोललो असतो, त्याने मला शिव्या लिहून दाखवल्या असत्या. तेवढे दिवस तरी आमचे गेले असते. आयुष्यभर जनावरांच्या जखमा धुणाऱ्या माणसाला मलम कशाला म्हणतात ते माहीत होतं. जखम न धुता वर लावलेल्याला तो मलम म्हणत नसे.

रविवारी सकाळी आता ग्रुपवर मीच विचारतो, सध्या काय वाचताय. घाटनांदूरचे सर नवीन काहीतरी ड्रॅगनचं वाचताहेत. रेश्माने उलट्या नदीचा तिसरा खंड पुन्हा काढलाय आणि म्हातारीच्या पानावर थांबलीय, पुढं जाववत नाही म्हणते. मुरलीधरचा फोन सुमनवहिनींनी बंद केलेला नाही. तो खिडकीत चार्जिंगला असतो. त्याने लिहिलेलं सगळं त्यात तसंच आहे.

कादंबरीकार साहेब, हे तुम्ही वाचाल. ज्या पुरवणीत लिहिलंत तिथंच लिहा की तो वाचक समाधानाने गेला नाही, त्याने तुमचा शेवट परत केला. आणि म्हातारीचं काय होणार ते सांगा. मला नको. मुरलीधरचा नंबर मी तुम्हाला पाठवलाय, त्याच्या फोनवर पाठवा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणून पाठवा. पण या वेळी उत्तर द्या.