हाकेचं नाव

भानुमती औताडे विद्यापीठाच्या संगणक केंद्राच्या प्रमुख झाल्या आणि त्यांनी पहिलं फर्मान काढलं ते चपलांचं. तोवर संगणकाच्या खोलीत शिरताना सगळे देवळात शिरल्यासारखे चपला बाहेर काढायचे, आणि खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहून त्याच्या फटीत झेंडूच्या पाकळ्या खोचायचे. बाई म्हणाल्या, चपला खुशाल घाला, पण पाकळ्या आवरा. दुसरं फर्मान मात्र जड होतं. पासवर्डात घरच्या माणसाचं नाव चालायचं नाही. बायकोचं नाही, पोराचं नाही, गावाचं नाही, कुलदैवताचंही नाही.

झालं! कॉलेजाकॉलेजातून बोंब उठली. मग ठेवायचं तरी काय, म्हणे. एक बाबू तर फोनवरून दणदणीत आवाजात सांगायचे, "मॅडम, नवा पासवर्ड लिहून घ्या, मी विसरलो तर तुमच्यापाशी असू द्या!" मागं स्टाफरूममधली माणसं चहा पीत ऐकतायत. बाई कपाळाला हात लावायच्या. "अहो, पासवर्ड म्हणजे काय लग्नपत्रिका आहे का गावभर वाटायला?"

आणि ह्याच बाई! सगळ्या कॉलेजांचे गुण, निकाल आणि पदव्या ज्या एका शब्दानं उघडायच्या, तो मुख्य पासवर्ड त्यांच्याच हातात होता. त्यात त्यांनी काय ठेवावं? घरचंच एक नाव. स्वतःचं. शेपटाला चार आकडे आणि चिन्हं जोडली होती एवढंच. आता काय बोलावं?

हे नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. देवगाव रंगारीच्या लक्ष्मीबाईंची आधीची लेकरं जगली नव्हती. मग ही मुलगी झाली. हिच्यावर कुणाची नजर नको, काळाचीसुद्धा नको, म्हणून आईनं तिचं नाव ठेवलं दगडा. दगडाला कोण उचलून नेतं? शाळेत घालताना गुरुजींनी नाक मुरडलं आणि स्वतःच्या मनानं भानुमती लिहून टाकलं. पण घरात, शेतात, विहिरीवर ती दगडीच. संध्याकाळी आईची हाक बांधावरून यायची, "दगडेऽऽ!" आणि पोरगी असेल तिथून धावत सुटायची.

मग ती कॉलेजसाठी औरंगाबादला होस्टेलात आली. एकदा आई भाकरी आणि ठेचा घेऊन भेटायला आली आणि होस्टेलच्या अंगणात उभी राहून गावातल्यासारखीच हाक मारली. झालं ते झालं. महिनाभर पोरी तिला बघून दगड फोडल्याची नक्कल करायच्या. पुढच्या सुट्टीत ती आईला म्हणाली, "तू नको येत जाऊ होस्टेलवर. मीच येईन." आई बरं म्हणाली, आणि पुन्हा कधी आली नाही.

वर्षं गेली. लग्न झालं, नोकरी लागली. पहिलं मोठं यंत्र आलं तेव्हा मुख्य पासवर्ड ठरवायला बाईंना बसवलं. ह्या शहरात कुणालाच ठाऊक नाही असा शब्द कुठला? बोटं आपोआप चालली. तेव्हापासून रोज सकाळी कामाला बसलं की बाई ते नाव टाइप करायच्या, आणि तेवढा वेळ त्यांना कुणीतरी बांधावरून हाक मारल्यासारखं वाटायचं. शहर चहूकडं फोफावत होतं, पार बिडकीनपर्यंत जमिनींना भाव आले, जुने ओळखीचे रस्ते उड्डाणपुलांखाली गेले. घरी त्या ओवीची आई, ऑफिसात औताडे मॅडम. शहरात दगडी राहिली होती फक्त त्या पासवर्डात. नियम मोडतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण सोडवत नव्हतं.

दोन हजार तेराचा उन्हाळा आला तो जीव घेतच. जायकवाडीनं तळ दाखवला, देवगावची विहीर कोरडी ठाक पडली, आणि प्यायला घोटभर पाणी मिळेना म्हणून बाई हट्टानं आईला सिडकोतल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आल्या. शहरात तरी कुठं पाणी होतं म्हणा! सोसायटीत टँकर यायचा आणि त्याच्यामागं सगळी इमारत घागरी, बादल्या, पिंपं घेऊन पळायची. शेत नाही, गुरं नाहीत, दिवसभर करायचं काय? लक्ष्मीबाई गॅलरीत बसून टँकरची वाट बघायच्या आणि आल्याची वर्दी सगळ्यांना द्यायच्या. आवाज अजून खणखणीत होता.

त्याच दिवसांत केंद्रात एक भानगड उपटली. निकाल तोंडावर आलेले, आणि कुणीतरी मुख्य कुलूप उघडायच्या मागं लागलं होतं. व्यवस्था बाईंनीच बांधलेली, त्यामुळं चुकलेला प्रत्येक शब्द त्यांना सकाळी पडद्यावर दिसायचा. आधी दिसलं त्यांच्या नवऱ्याचं नाव, सदाशिव. मग ओवी. मग भानुमती. मग घराचा नंबर, मग लग्नाची तारीख. वाचता वाचता बाईंना उमगलं. बाहेरचा चोर नव्हता हा, ओळखीतलाच कुणीतरी होता. पासवर्ड लगेच बदलायला हवा होता. पण निकालाच्या सगळ्या कामांत तो शब्द आत खोलवर गुंफलेला, बदलायचा तर दिवसभर सगळं थांबवावं लागणार, आणि कुलगुरू निकालाची तारीख जाहीर करून मोकळे झालेले. बाईंनी स्वतःची समजूत घातली, निकाल लागू दे, मग बदलू. तसं त्याला माझं हे नाव कुठून कळणार?

आणि नेमका त्या दिवशी डबा घरी राहिला. दुपारी कॉरिडॉरात ही गर्दी. परीक्षा विभागाची माणसं, कंत्राटावरचे ऑपरेटर, दोन प्राध्यापक, सगळे कूलरपाशी पाण्याला उभे. डबा आणायला घरी धाडलेला शिपाई कडुबा गर्दीत पुढं निघून गेला, आणि मागं राहिल्या नऊवारीचा पदर सावरत, हातात फडक्यात बांधलेला डबा धरून लक्ष्मीबाई. लेकीची केबिन कुठली ते कळेना, मग काय करणार बिचारी? शेतात उभी असल्यासारखी हाक मारली.

"दगडेऽऽ! अगं ए दगडे! डबा इसरलीस की गं!"

बाई खुर्चीतून ताडकन उठल्या. एवढ्या वर्षांनी चारचौघांत ती हाक कानावर आली, आणि आनंद व्हायच्या जागी त्यांना पडद्यावरचे ते चुकलेले शब्द आठवले. सगळ्या विद्यापीठाची किल्ली त्यांच्या आईनं भर कॉरिडॉरात ओरडून सांगितली होती!

"आई!" त्या धावत जाऊन दबक्या आवाजात खेकसल्या. "त्या नावानं हाक मारू नकोस. इथं तर अजिबातच नाही!"

लक्ष्मीबाईंचा चेहरा एकदम उतरला. आजूबाजूला बघितलं, लोक तोंड लपवून हसत होते. डबा त्यांनी हळूच लेकीच्या हातात दिला.

"बरं," त्या म्हणाल्या. "भानुमतीबाई, जेवून घ्या."

परत जाताना कडुबा म्हणाला, "आजी, मनाला लावून नका घेऊ. माझंबी नाव तसलंच हाय, नजर लागू नये म्हून ठेवलेलं." पण आजींनी काही ऐकलं नाही. घरी गेल्यावर त्या लेकीशी पाहुण्यासारख्या वागायला लागल्या. चहा झाला का, भानुमतीबाई? दिवा लावू का, भानुमतीबाई? बाईंच्या काळजाला घरं पडत होती, पण सांगणार काय? पासवर्ड कुणाला सांगायचा नाही हा नियम त्यांचाच, आणि लक्ष्मीबाईंना सांगितलेली गोष्ट टँकरवाल्यापर्यंत जाणार हे नक्की.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर चुकलेल्या शब्दांत नवा शब्द होता. दगडी.

पुढचे आकडे-चिन्हं त्याला माहीत नव्हती म्हणून वाचलं. बाई तशाच उठल्या आणि कुलगुरूंपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "निकाल उद्या लागायचा नाही. आज सगळं बंद करते."

"बाई, पेपरवाले आपल्याला सोलून काढतील!"

"काढू द्या. आज बंद नाही केलं तर पोरांच्या गुणांचा बाजार मांडतील."

दिवसभर बसून त्यांनी त्या नावाचा एक-एक धागा उसवून काढला. जागोजागी ते नाव भेटत होतं आणि बाई ते पुसत होत्या, आणि डोळे भरून येत होते, आता लपवून काय उपयोग! नवा पासवर्ड अर्थ नसलेल्या अक्षरांचा ठेवला, नियमाप्रमाणं. ते नाव ऐकलं होतं फक्त कूलरपाशी उभ्या असलेल्यांनी; त्यांचीच चौकशी केली, आणि एक कंत्राटी ऑपरेटर सापडला. गुण वाढवून देतो म्हणून त्यानं कुणाकुणाला शब्द दिला होता. पेपरवाल्यांनी खरंच सोललं. निकाल एक दिवस उशिरा लागला, पण खरा लागला.

निकालाच्या संध्याकाळी बाई लवकर घरी आल्या. आई गॅलरीत रिकाम्या घागरीजवळ बसलेली.

"आल्या का, भानुमतीबाई?"

बाई तिच्याजवळ फरशीवरच बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. पासवर्ड म्हणजे काय, कुलूप कसलं, चोर कोण, सगळं. लक्ष्मीबाई डोळे बारीक करून ऐकत होत्या.

"म्हंजी येवढं मोठं इद्यापीठ माझ्या दगडीच्या नावावर चालत व्हतं?"

"व्हय."

"आन मला वाटलं, तुला अजून लाज वाटती."

"होस्टेलात वाटली होती, आई. लई वाटली होती. परवा नाय वाटली. परवा भीती वाटली."

लक्ष्मीबाईंनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. "लई लेकरं गेली माझी. ह्या नावानं तुला राखलं."

"विद्यापीठालाही राखलं. आता त्याला दुसरं नाव दिलंय. तू हाक मार."

"हितं? समदे ऐकतील की."

"ऐकू दे."

तेवढ्यात खाली टँकरचा भोंगा वाजला. बाई घागर घेऊन जिना उतरल्या, आणि त्या गर्दीत पोचतात न पोचतात तोच तिसऱ्या मजल्यावरून हाक आली, अख्खं सिडको ऐकेल अशी.

"दगडेऽऽ! नळी धर गं, नळी!"

सगळ्यांनी वर बघितलं, मग बाईंकडं बघितलं. "आले गं!" बाई मान वर करून ओरडल्या, आणि घागर कडेवर तशीच धरून हसत राहिल्या.

लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षांनी गेल्या. बाईही निवृत्त झाल्या. ते नाव त्यांनी पुन्हा कुठल्याच पासवर्डात घातलं नाही, कारण आता ते सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. उन्हाळ्यात अजूनही टँकर येतो, आणि खालून पोरं ओरडतात, "दगडाआजीऽऽ, पाणी आलं!" बाई हातातलं काम टाकून उठतात आणि म्हणतात, "आले गं आई!" पोरं हसतात. त्यांना वाटतं, आजीला ऐकू कमी येतं.