मोठ्या पंजातलं छोटं रिव्हॉल्व्हर

आकाराम हवालदारांच्या हातात चहाचा कप दिला की कप दिसेनासा होतो. बोटांच्या फटींतून नुसती वाफ निघताना दिसते. पलटणीत असताना रस्सीखेचीच्या संघात ते सगळ्यात मागे, दोर अंगाला वेढून उभे राहायचे. पुढचे घसरले तरी मागचा माणूस जागचा हलत नाही, अशी त्यांची ख्याती. पेन्शनीवर आले ते कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या आपल्या गावी. ऊस लावला. एका वर्षी शाळांच्या स्पर्धांत शर्यतीचा बार काढायला माणूस मिळेना, म्हणून कुणीतरी त्यांना पुढे ढकललं. तेव्हापासून सातारा असो की सांगली, पोरं पळणार असली की लाल टोपी घालून हवालदार रेषेपाशी उभे.

बार काढण्यात काय आहे, असं बघणाऱ्याला वाटतं. हात वर, चाप ओढला, गोळी नसलेलं कोरं काडतूस उडालं, धूर, आवाज, पळा. पण 'तयार' म्हटल्यावर आणि बार निघण्याआधी एक रिकामी जागा असते. पोरं बोटांच्या टोकांवर तोललेली असतात, पाठी वर आलेल्या, श्वास कोंडलेला. मैदानावर दुसरं काहीच उरत नाही. त्या जागेत कुणावर अन्याय झाला तर तो पुढे कुठेच भरून निघत नाही. घड्याळं बरोबर चालतात, निकाल बरोबर लागतो, आणि तरीही सगळं चुकलेलं असतं. हवालदार ती जागा राखायचे. शेवटच्या पोराची पाठ स्थिर होईपर्यंत त्यांचं बोट चापावर नुसतं टेकलेलं असायचं. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

यंदा दहिवडीला, तालुक्याच्या स्पर्धांत, ते बिघडलं. इतकी वर्षं साथ दिलेलं जुनं, थोराड रिव्हॉल्व्हर निकामी झालं होतं आणि त्या मापाची काडतुसंही मिळेनाशी झाली होती. संयोजकांनी नवीन दिलं ते पॉइंट बावीस मापाचं, कोऱ्या काडतुसांचं, चिमुकलं. हवालदारांच्या मुठीत ते चिमणीच्या पिल्लासारखं बुडालं. मुलींची शंभर मीटरची शर्यत होती. 'तयार' म्हणून त्यांनी हात वर नेला, आणि चापाभोवतीच्या कड्यात बोट पार दुसऱ्या पेरापर्यंत शिरलेलं. हात पुरता वर जायच्या आतच बार निघाला. मुली सुटल्या. शिवांजली नावाची एक धनगराची पोर अजून पाठ उचलत होती, ती रेषेवरच राहिली. चुकीची सुरुवात झाली की लगेच दुसरा बार काढून पळणाऱ्यांना थांबवतात. हवालदारांचं बोट कड्यात असं रुतलं होतं की दुसरा बार निघेचना.

शर्यत संपल्यावर ते मैदानाच्या मधोमध गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माजी हाय. शर्यत पुन्यांदा पळवा."

पहिल्या आलेल्या मुलीचे वडील अंगावर धावून आले. शिक्षक कुरकुरले. हवालदार जागचे हलले नाहीत. पोरींना विसावा देऊन शर्यत पुन्हा झाली, शिवांजली दुसरी आली आणि तिला जिल्ह्याची जागा मिळाली. पण संध्याकाळी क्रीडा संघटनेचे आप्पासो जवळ आले. त्यांच्या आवाजात माया होती, आणि तीच जास्त लागली.

"हवालदार, जिल्ह्याला एखादा तरुण गडी बघू का? तुमी खुर्चीवर बसा, मानानं."

"आदल्या दिशी सांगतो," हवालदार म्हणाले. "ह्यो हात ऐकला तर येतो. न्हाई ऐकला तर टोपी तुमच्या हातात आणून देतो."

घरी बायकोने, मनुबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. मग भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आवं, हात तेवढाच हाय की. लगीन झालं तवापासनं बघतीया मी. खेळणं बारकं हाय तर दुसरं बघा. हाताला कशाला बोल लावताय?"

म्हणून हवालदार सांगलीला गेले. बंदुका दुरुस्त करणारे मधुकरराव त्यांच्या जुन्या ओळखीचे. बाजारपेठेतलं अरुंद दुकान, तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. मधुकररावांनी बावीसची तीन रिव्हॉल्व्हरं गल्ल्याच्या फळीवर मांडली. पहिलं चकचकीत, पांढऱ्या मुठीचं. हवालदारांनी धरलं तर शेवटची दोन बोटं हवेत लोंबकळायला लागली.

"हे ठेवा," मधुकरराव म्हणाले. "लग्नातल्या नवरदेवाला बरं दिसेल."

दुसऱ्याची नळी लांब होती, पण मूठ तेवढीच. वर त्याचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा खटका, मागे यायचा तेव्हा अंगठ्याजवळची कातडी चिमटायचा. तिसरं काळपट, बोजड, कुणी ठोकून बनवल्यासारखं. मात्र त्याच्या चापाभोवतीचं कडं ऐसपैस होतं. हवालदारांचं बोट आत जाऊन मोकळेपणी हललं.

"हे कुणी घेत नाही," मधुकरराव म्हणाले. "रूप नाही ना."

"माज्याकडं कोण बगतंय तिथं? पोरींच्या माना खाली असत्यात."

कडं तर जमलं, पण मूठ अजून बारीकच होती. मधुकररावांनी बारकाईने पाहिलं. पंजा मोठा आणि मूठ लहान असली की मागचा तळवा पुढे सरकतो, आणि मग बोट चापाच्या पलीकडे निघून जातं. तेव्हा लाकूड हवं होतं ते पाठीमागे, तळवा मागे रेटणारं. आणि खाली करंगळीला टेकायला पुढे आलेला एक लाकडी ओठ. त्यांनी मुठीवर शाडूचा गोळा थापला आणि रिव्हॉल्व्हर हवालदारांच्या हातात दिलं. हवालदारांनी स्टुलावर बसल्या बसल्या मूठ आवळली.

"बसून नाही. उभे राहा. हात वर करा, शर्यतीला करता तसा. खाली धरलेली मूठ वेगळी, आभाळाकडे धरलेली वेगळी."

हवालदार दुकानाच्या दारात उभे राहिले आणि रिव्हॉल्व्हर वर उचललं. रस्त्यावरून भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याने गपकन दोन्ही हात वर केले.

"मालक, मी काय केलं न्हाई! मेथीच घेतलीया फकस्त."

"जावा काका, जावा," मधुकरराव हसत म्हणाले. "हलू नका हवालदार. शाडू बिघडेल."

त्या शाडूवरून शिसवाची मूठ कोरली गेली. पुढच्या खेपेला हवालदारांनी ती धरली, मधुकररावांनी कुठे पांढरं पडतंय ते कातडीवर पाहिलं, तेवढं लाकूड कानशीने उतरवलं, पुन्हा धरायला लावलं. असं करत करत एका क्षणी मूठ तळव्यात नेमकी बसली. बोटाचं टोक, फक्त टोक, चापावर टेकलं होतं. त्यांनी डोळे मिटले. कुणीतरी अनोळखी घरात आपल्यासाठी पाट मांडून ठेवावा, तसं त्यांना वाटलं.

"आता सवय करा," मधुकरराव म्हणाले. एवढंच म्हणाले. फौजेतल्या माणसाला हत्याराचं आणखी काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असणार.

फौजेत सवय करायची रीत एकच. रिकामी बंदूक खांद्याला लावायची आणि चाप ओढायचा, पुन्हा, पुन्हा, हात झोपेतही चुकणार नाही तोवर. हवालदार रोज तांबडं फुटताना उसाच्या बांधावर उभे राहू लागले. पाखरांना 'तयार' म्हणायचं, थांबायचं, खट. पुन्हा थांबायचं, खट. मनुबाई गोठ्यातून ओरडायच्या, "ऊस पळाला का न्हाई अजून?"

"थांबलाय गं. शिस्तीचा हाय."

हात ऐकू लागला. ओठांत हसू फुटावं तसा तो बार त्यांना आतून कळू लागला, निघण्याआधी, थांबवता येईल इतका आधी. मग जिल्ह्याच्या स्पर्धेला चारदोन दिवस उरले असताना त्यांनी कोरी काडतुसं भरून बार काढून बघायचं ठरवलं. काडतूस आत जाईना. दुसरं घातलं, तेही कडेशी अडलं. बोट फिरवलं तर काडतुसं भरायच्या गोल फिरकीत, प्रत्येक भोकाच्या काठाला, एक बारीक खरखरीत टोक उभं राहिलेलं.

त्याच दुपारी ते सांगलीत. मधुकररावांनी भिंग लावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"रिकामं ओढलंत?"

"रोज. आमची रीतच हाय ती."

"तुमच्या बंदुकीला चालतं हो. तिथे घोड्याचं टोक काडतुसाच्या मधोमध बसतं, रिकामं असलं तर हवेत जातं. ह्याचं काडतूस पेट घेतं ते कडेला. म्हणून टोक मारतं तेही कडेला. काडतूस नसलं तर थेट पोलादावर." ते थांबले. "मी सांगायला हवं होतं."

"मी इचारायला पायजे हुतं."

दोघांनाही एकदमच ओशाळं वाटलं. मग मधुकररावांनी दिवा जवळ ओढला. उभी राहिलेली टोकं आतून दाबून जागेवर बसवायला संध्याकाळ झाली. काही भोकांचे काठ इतके खचले होते की काडतूस बसलं तरी पेटेल याची खात्री नव्हती. दोन मात्र शेजारशेजारची, चांगली निघाली. मधुकररावांनी मागच्या अंगणात त्यांतून बार काढून पाहिले. एकही वाया गेला नाही. त्या दोन भोकांवर त्यांनी शेंदराचा ठिपका लावला.

"एक सोडायला, एक थांबवायला. एवढं पुरेल?"

"तेवढंच लागतं," हवालदार म्हणाले. रस्त्यातूनच त्यांनी आप्पासोंना फोन लावला. "येतो."

साताऱ्याच्या मैदानावर उन्हं तिरकी झाली होती. मुलींची शंभर मीटरची अंतिम शर्यत. शिवांजली कडेच्या पट्ट्यात होती. पलीकडच्या टोकाला घड्याळं धरून बसलेले पंच धुराकडे डोळे लावून होते, कारण आवाज त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतो. आप्पासो खुर्ची सोडून रेषेजवळ येऊन उभे राहिले होते. कशासाठी, ते हवालदारांना कळत होतं.

"जागा घ्या."

मुली वाकल्या. शिवांजलीने बोटं रेषेमागे टेकवली, गुडघा जुळवला, मान खाली घातली.

"तयार."

पाठी वर आल्या. ती रिकामी जागा उघडली. शिसवाचं लाकूड तळव्यात भरून होतं, करंगळी मुठीच्या ओठावर विसावली होती, बोटाचं टोक चापावर. चाप अर्धा आला. आणि मधल्या पट्ट्यातल्या एका मुलीचा खांदा लवला. किंचित, वाऱ्याने कणीस लवावं इतकाच. दहिवडीचा हात असता तर बार निघून गेला असता. आता चाप अर्ध्यावर होता, अंगठ्याने आधीच ओढलेला घोडा मागे ताठ उभा, आणि बोट थांबलं. नुसतं थांबलं नाही. त्याने चाप हळूहळू परत जागेवर जाऊ दिला. आभाळाकडे धरलेल्या त्या काळ्या, बिनरूपाच्या हत्यारातून काहीही निघालं नाही.

"उभ्या राहा," हवालदार म्हणाले. "घाई न्हाई, बाळांनो. मी कुटं चाललो न्हाई."

मुली हसल्या. लवलेल्या मुलीने हात झटकले, जिवात जीव आल्यासारखा श्वास सोडला. आप्पासो मागे वळून आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

पुन्हा जागा. पुन्हा तयार. या वेळी पाठी एका ओळीत आल्या आणि तशाच राहिल्या, जणू सगळ्यांच्या अंगातून एकच दोर ओवला होता. हवालदारांनी त्या ओळीकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

बार निघाला. पांढरा धूर वर गेला, पंचांनी घड्याळं दाबली, प्रेक्षकांतून हाका उठल्या. सगळं मैदान पुढे, पळणाऱ्यांकडे, शेवटच्या फितीकडे बघत होतं. हवालदारांनी मान खाली केली आणि रेषेवर नजर टाकली. मातीत बोटांचे ठसे होते, बुटांच्या टाचांनी उकरलेले खळगे होते. कुणी मागे राहिलं नव्हतं.