फवारणीवाल्याची तल्लख स्मरणशक्ती

बालाघाटचे गुणाकर देव वीस वर्षं कृषी खात्यात धानावरच्या किडी मारत होते. १९८७च्या पावसाळ्यात त्यांच्या पत्नी, प्रमोदिनीबाई, त्यांनाच पाहुणे समजून पाणी देऊ लागल्या.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप धाडते. तो पोचला की एक एन्झाइम त्याला लगेच पुसून टाकतं. यांचे निरोप आधीच तोकडे. त्या पुसणाऱ्याला आवरणारं औषध परदेशात तपासतायत. इथे यायला वर्षं लागतील."

गुणाकरराव खुर्चीत ताठ झाले. हेच एन्झाइम तर ते शेतकऱ्यांना फळ्यावर समजावून सांगत! कीटकनाशक त्यालाच अडवतं. किडा थरथरत मरतो. म्हणजे औषध आपल्याच गोदामात, प्रश्न फक्त थेंबांचा. पण ते पडले सरकारी माणूस. आधी चौकशी, मग अंमल. वर्षानुवर्षं फवारणाऱ्याची स्मरणशक्ती तल्लख निघाली, तर रविवारी बाईंच्या चहात एक थेंब. कीटकनाशकाची एक छोटी बाटली त्यांनी खिशात घालूनही ठेवली.

परसवाड्याला खात्याचा फवारणीवाला फकिरा राहायचा. त्याला गाठून त्यांनी विचारलं, "मागचं काही आठवतं का रे?"

"हौ साहेब. ब्याऐंशीच्या पोळ्याले तुमी मले सुट्टी नाही देल्ली. हिरवा बुशशर्ट होता तुमचा. खालचं बटन तुटेल होतं."

गुणाकररावांनी त्याला मिठीच मारली. फकिरा घाबरला.

तेवढ्यात त्याची बायको शेवंताबाई आतून म्हणाली, "साहेब, याले काहून विचारता? हा पंप बांधावर ठेवते अन मोहाच्या झाडाखाली झोपते. आठ साल झाले, फवारते मी."

"मग तुला मागचं आठवतं का?"

"मले? पंप उतरवला का उलट्या होतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. परवा लेकीले काय नावानं हाक मारू, तेच सुचेना."

गुणाकररावांनी तिची फवारणी तिथल्या तिथे बंद केली, तिला दवाखान्यात नेलं आणि बाटली गोदामात ठेवून कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

घरी प्रमोदिनीबाईंनी त्यांना खुर्ची दिली. "बसा. हे कचेरीत गेलेत, येतीलच." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यांना सांगू नका हं, मला अलीकडे कोणाचंच काही आठवत नाही. उगाच घाबरतील."

"नाही सांगणार," गुणाकरराव म्हणाले, आणि दोघंही त्यांची वाट पाहत बसले.