जर्मन मास्तर

पनवेलच्या शाळेत विज्ञान शिकवणारे दयाराम मास्तर मूळचे करंजाड्याचे, मिठागरात राबणाऱ्या घरातले. १९५७ साली त्यांनी पनवेलमधल्या एका साप्ताहिकात ओट्टो वॉरबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाचं छोटंसं चरित्र लिहिलं. पेशी श्वास कसा घेतात हे या माणसानं शोधलं आणि त्याबद्दल त्याला १९३१ साली नोबेल मिळालं. कर्करोगाच्या पेशी हवा मिळत असूनही साखर आंबवून जगतात, हेही त्यानंच दाखवलं. त्याला घोडेस्वारीचा नाद आहे, हेसुद्धा मास्तरांनी आवडीनं लिहिलं. शेवटचं वाक्य मात्र त्यांनी पदरचं घातलं : ‘कर्करोगाची किल्ली आता माणसाच्या हाती आली आहे.’

पुढच्याच आठवड्यात उलव्याची सखूबाई शाळेच्या पायरीवर येऊन बसली. सोबत तिचा नवरा जगन. त्याचा उजवा गाल सुजून दगडासारखा झाला होता आणि तोंड नीट उघडत नव्हतं. घरी आलेल्या पाहुण्यांनी तिला तो लेख वाचून दाखवला होता.

“मास्तर, त्या जर्मन डाक्तराचं औषद मागवा,” ती म्हणाली.

“त्यानं औषध नाय शोधलं, सखूबाई. रोगात काय घडतं ते शोधलंय.”

“मग किल्ली गावली असं कशाला लिवलं?”

मास्तरांनी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी ते दोघांना घेऊन परळच्या कर्करोगाच्या रुग्णालयात गेले. एस.टी., मग ट्राम, मग रांग. डॉक्टरांनी जगनला तपासून बाहेर बसवलं आणि मास्तरांना व सखूबाईला हळूच सांगितलं, “फार उशीर झालाय. सहा महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं.” परतताना एस.टी.त पळस्प्याच्या एका ओळखीच्या माणसानं मास्तरांना विचारलं, “काय, मुंबईला सहल काय?” ते नुसते हसले.

जगन दीड महिन्यात गेला. मास्तरांनी संपादकांना त्या किल्लीच्या वाक्याबद्दल खुलासा लिहून दिला. तो कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापून आला आणि कुणीच वाचला नाही.

सखूबाई आता आपल्याला शिव्या घालेल, असं त्यांना वाटत होतं. ती आली ती शेजारच्या मैनाला घेऊन. मैनाच्या छातीत सुपारीएवढी गाठ होती आणि ती दाखवायला मैना लाजत होती.

“उशीर झाला असं माज्या नवऱ्याला बोलले,” सखूबाई म्हणाली. “हिला नाय झाला. हिला न्या.”

मैनाचं ऑपरेशन झालं आणि ती वाचली. त्यानंतर लोक यायला लागले ते थांबलेच नाहीत. उलव्याचे, उरणच्या बाजूचे, खाडीकाठचे. कुणाच्या जिभेवर चट्टा, कुणाच्या गळ्यात गाठ. लोक त्यांना ‘जर्मन मास्तर’ म्हणायला लागले. काहींना तर मास्तरच जर्मनीत शिकून आलेत असं वाटायचं. सुरुवातीला ते दुरुस्त करायचे, मग सोडून दिलं.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की परळ. अकरा वर्षं. गुडघे धरायला लागले, रात्रीचं जेवण निम्म्यावर आलं. बायको, शांती, एकदा म्हणाली, “नाही म्हणायला जीभ उचलत नाही का तुमची?”

“म्हणून बघितलं,” ते म्हणाले. “मग तो माणूस तसाच घरी जातो.”

पुढल्या शनिवारी तिनं दोन भाकऱ्या जास्त बांधून दिल्या.

निवृत्तीच्या वर्षी जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवला, तोही शनिवारी. मास्तरांनी दिवस बदलायला सांगितला, ते जमलं नाही. सत्काराच्या वेळी ते परळच्या बाकावर एका कोळणीशेजारी बसले होते. तिचा नंबर यायला अवकाश होता. तिनं विचारलं, “मास्तर, तुमाला बरं वाटत नाय काय?”

“दमलोय,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं. तिनं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्यांना पाय पसरायला जागा करून दिली.