हरिचंद्रच्या जोडीचा खांब

नेत्रा सकाळी साडेसातला दारात उभी. गळ्यात शिट्टी, पायात मैदानाची लाल माती. शंकररावांनी ओळखलं, काम आहे. पोरगी बापावर गेली होती. नुसत्या गप्पांसाठी कुणाचा उंबरा ओलांडायची नाही.

"काका, खो-खोचा एक खांब गेला. बुडाशी वाळवी."

"दुकानातून आण. तयार मिळतो."

"आणला. दुसऱ्याच दिवशी पोरीच्या तळव्यात कुसळ गेलं. शाळा म्हणते, दोन्ही काढा आणि लोखंडी पाइप रोवा. जोडी सारखी नसेल तर पंच खेळूच देत नाहीत. पंधरा तारखेला सामने आहेत."

दोन्ही म्हणजे चांगला उभा असलेलाही. अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे ते मैदान. अठरा वर्षांपूर्वी तिथले दोन्ही खांब हरिचंद्र भोईरने लेथवर कातले होते. हरिचंद्र म्हणजे नेत्राचा बाप.

"दोन वर्षं पटाशी धरली नाही मी," ते म्हणाले.

"माहितीय. बाबा गेले तेव्हापासून. म्हणून तर तुमच्याकडे आले."

उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात तोलारामशेठच्या फर्निचरच्या दुकानामागे शेड होती. तिथे एकतीस वर्षं दोघांचे लेथ शेजारी-शेजारी. पलंगाचे पाय, खुर्चीचे पाय, देवघराचे खांब. शंकरराव दिवसाला चाळीस पाय काढायचे, हरिचंद्र तीस. शेठ सिंधी ढंगात ओरडायचे, "अड़े सांई, पलंगाचा पाय आहे, जावई नाही तुझा! किती गोंजारतोस?" हरिचंद्र मान वर न करता म्हणायचा, "जावई बिघडला तर सुधारता येतो शेठ, पाय नाही येत." शेठला हसू आवरायचं नाही. तीसच्या तीस पाय मात्र एका साच्यातून पडल्यासारखे असायचे. शंकररावांच्या चाळिसांतले दोन-तीन परत यायचे. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

हरिचंद्र पहाटे बदलापूरहून निघायचा, आधी मैदानावर. शाळेच्या मुलींना तास-दीड तास पळवायचा, मग शेडमध्ये. एक पैसा घ्यायचा नाही. स्वतः जिल्ह्यापर्यंत खेळलेला. गुडघा गेला म्हणून थांबला, नाहीतर थांबला नसता. रविवारी मात्र ना शेड ना मैदान. रविवारी घर. बायकोला बाजारात नेणं, पोरीचे बूट धुणं, दुपारी सगळ्यांनी एका चटईवर झोपणं. "तुझा रविवार म्हणजे कोर्टाची तारीख," शंकरराव चिडवायचे.

हरिचंद्रच्या पटाश्या मागायला शंकरराव बदलापूरला त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने, सखूवहिनींनी, कपाटातून गुंडाळी काढली. एकाही पात्याला गंज नव्हता.

"दर अमावास्येला तेल लावते, भावजी. धार तेवढी तुम्ही लावा. मला ती येत नाही."

ओट्यावर लाटण्यांचा जुडगा होता. वहिनींची बोटं संधिवाताने जसजशी आखडत गेली, तसतसा हरिचंद्र लाटण्याची मूठ जाड करत गेला. दर दोन वर्षांनी नवं. सगळ्यात शेवटचं मनगटाएवढं.

"पोळ्या दोघींच्या, लाटणी सहा," वहिनी म्हणाल्या. "नेत्रा म्हणते, जुनी देऊन टाक. कुणाला देऊ? दुसऱ्याच्या हाताला बसतील का ती?"

शंकररावांनी चहा संपवला आणि उठले. जास्त बसले असते तर निघता आलं नसतं.

शेडमध्ये आता तयार फर्निचरची खोकी. शेठचा मुलगा हितेश म्हणाला, "काका, एक लेथ कोपऱ्यात पडलाय. चालला तर चालवा." लेथ शंकररावांचाच निघाला. हरिचंद्रचा भंगारात गेला होता. पट्टा बदलला, तेल दिलं, जुना वाळलेला साग चढवला.

पटाशी लाकडाला टेकवली. हाताला कामाची आठवण डोक्यापेक्षा जास्त असते. छिलके पडू लागले, वास सुटला. दोनदा त्यांनी डावीकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. डावीकडे हरिचंद्रच्या लेथच्या जागी खोकी.

दुपारी जाडी मोजायला कॅलिपर लावला. वर बरोबर, मध्ये बरोबर, खाली दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी.

ते खाली बसले. चूक कळली. आयुष्यभर पाय कातले. पाय खाली निमुळता होतो. हाताने आपल्या सवयीने खांबाचाही पलंगाचा पाय करून टाकला होता. निमुळतं टोक जमिनीत गाडलं असतं तर कुणाला दिसलं नसतं. हितेशही तेच म्हणाला. पण उतार थेट मध्यापर्यंत चढला होता. वेगात वळणाऱ्या मुलीचा हात तो फरक ओळखणार. काढलेलं लाकूड परत चिकटत नाही. ओंडका फुकट गेला.

मग त्यांना आठवलं. हरिचंद्र खांब अर्धा झाला की लेथ थांबवून लाकूड काढायचा, उलटं करून परत चढवायचा. पुन्हा मध्य साधायचा. अर्धा तास जायचा. तेव्हा शंकरराव हसले होते. "एका खांबाला दोनदा लग्न?" हरिचंद्रने उत्तर दिलं नव्हतं. आता उत्तर समोर पडलं होतं. त्यालाही आपला हात माहीत होता. हात डाव्या टोकाला जास्त लाकूड काढतो, तर लाकूड फिरवायचं. मग चूक चुकीला खाते. शंकररावांनी तेवढ्या वर्षांत कधी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही. विचारल्याशिवाय शिकवायचा नाही तो. मैदानावरसुद्धा.

दुसरा ओंडका शोधायला दोन दिवस गेले. कातायला दीड. मध्यावर त्यांनी लेथ थांबवला, लाकूड उलटं चढवलं. पाठ मोडून आली. संध्याकाळी कॅलिपर वरपासून खालपर्यंत सरकत गेला, कुठे अडला नाही, कुठे सैल झाला नाही.

चौदा तारखेला खांब रोवला. पंचांच्या माणसाने टेप लावला, मान डोलावली, पाइपचा विषय मिटला. नेत्राने बूट घट्ट केले आणि स्वतः धावली. चौतिशीची बाई, पण वळताना अंग तसंच झुकलं, बापाने शिकवलं तसं. नव्या खांबाला वळसा, जुन्याला वळसा, परत नव्याला. तीन फेऱ्या.

धापा टाकत आली. "काका, फरक कळतो."

"कुठे?"

"मापात नाही. त्यांचा खांब हातांनी घोटला गेलाय. हा अजून कोरा आहे."

"तो होईल. पोरी खेळल्या की होईल."

"हो," ती म्हणाली, आणि मुलींना रांगेत बसवायला गेली.

शंकरराव नव्या खांबापाशी उभे राहिले. काम चोख झालं होतं, हे त्यांना माहीत होतं. तरी पाय निघेना. हे काम कसं झालं ते कळणारा माणूस एकच होता, आणि त्याने कौतुक केलं नसतंच. बोटाने खांब ठोकला असता, वरपासून खालपर्यंत पाहिलं असतं, एखादी खोट काढली असती.

ती खोट कोणती असती, हे शोधत ते कितीतरी वेळ खांबावरून हात फिरवत राहिले.

"काका, बाजूला व्हा!" एक मुलगी ओरडली.

ते बाजूला झाले.